बहिणींची कादंबरी लिहिताना: आधी भूमिका, मग घटना

बहिणींवर कादंबरी लिहायला घेणारा लेखक बहुधा एखाद्या घटनेपासून सुरुवात करतो. आई अंथरुणाला खिळते, एकीचा संसार अचानक मोडतो, किंवा वडिलांच्या मृत्यूनंतर कपाटाच्या तळाशी एक पत्र सापडते. घटना मनात आधी येणे स्वाभाविकच आहे. मात्र संपूर्ण उभारणी तिच्यावरच केली, तर पहिल्या धक्क्याचा जोर ओसरताच लेखणी अडखळू लागते, आणि मग कथानक पुढे ढकलण्यासाठी दुसरा अपघात, तिसरे रहस्य, चौथे आजारपण आणावे लागते. या प्रकारच्या कादंबरीचा खरा विषय घटना हा नसतोच. लहानपणी कोणीही न विचारता वाटल्या गेलेल्या भूमिका त्या घटनेने सैल होतात, आणि त्यांची फेरवाटणी करताना बहिणी एकमेकींना नव्याने ओळखू लागतात किंवा कायमच्या दुरावतात; वाचक पाने उलटतो तो यासाठी. म्हणून भूमिका आधी ठरवाव्यात आणि घटना नंतर निवडावी.

भूमिका म्हणजे स्वभाव नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट असलेले बरे. थोरली समजूतदार, मधली हट्टी, धाकटी लाडावलेली हा साचा इतका रुळलेला आहे की तो आपोआप कागदावर उतरतो. जन्मक्रमाचा व्यक्तिमत्त्वावर परिणाम होतो, ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी मांडली आणि ती लोकांना फार पटली. परंतु अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील 20,000 हून अधिक व्यक्तींची माहिती तपासून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, जुळवून घेण्याची वृत्ती आणि काटेकोरपणा यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. कादंबरीकाराच्या दृष्टीने हा निष्कर्ष अडचणीचा नाही, उलट सोयीचाच आहे. थोरली जबाबदार ‘असते’ असे नाही, घरात तिला जबाबदार ‘व्हावे लागते’; आणि घराचा उंबरठा ओलांडल्यावर तीच बाई कामाच्या ठिकाणी टंगळमंगळ करणारी, मैत्रिणींमध्ये सर्वांत खोडकर असू शकते. प्रत्येक बहीण घराबाहेर, जिथे तिला कोणाचीही बहीण म्हणून ओळखत नाहीत अशा जागी कशी वागते, याचा निदान एक प्रसंग आराखड्याच्या टप्प्यावरच लिहून ठेवावा. तो कादंबरीत आला नाही तरी चालेल.

भूमिका ठरवताना प्रत्येक बहिणीसाठी एक पान घ्यावे. ती घरात नेमके असे काय करते, की तिने ते सोडल्यास घराचा गाडा अडेल? ते काम तिच्या गळ्यात कधी आणि कोणामुळे पडले? त्यापायी तिला काय सोडावे लागले? हे प्रश्न बहुतेक लेखक स्वतःला विचारतात. जो प्रश्न सहसा सुटून जातो तो असा: या भूमिकेतून तिला मिळते काय? घरासाठी राबणाऱ्या बहिणीला केवळ त्यागमूर्ती केले, की ती पन्नास पानांत कंटाळवाणी होते. प्रत्यक्षात तिला बरेच काही मिळत असते. कोणालाही न विचारता निर्णय घेण्याचा हक्क मिळतो, आपल्या स्वतःच्या आयुष्यातील रखडलेल्या गोष्टींकडे न पाहण्याची सबब मिळते, आणि वेळप्रसंगी ‘मी नसते तर’ हे वाक्य उच्चारण्याची सोय मिळते. तसेच जिला सगळे बेजबाबदार म्हणतात तिला मोकळीक मिळते खरी, पण तिच्या हाती वाईट बातमी नेहमी सर्वांत शेवटी आणि अर्धीच येते. मधे पडून समेट घडवणारीला दोन्ही बाजूंचा विश्वास लाभतो. तिचे स्वतःचे मत काय, हे मात्र वर्षानुवर्षे कोणी विचारलेले नसते. हा लाभ-तोट्याचा हिशेब पक्का असला की पुढे भूमिका सुटताना पात्राला सुटकेइतकाच धसका का बसतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लहान वयात आईवडिलांची जागा घेतलेल्या मुलीबद्दल लिहिताना आणखी एक भेद उपयोगी पडतो. कुटुंबोपचाराच्या क्षेत्रात अशा ओझ्याचे दोन प्रकार मानले जातात: एक व्यावहारिक, म्हणजे धाकट्या भावंडांचे पाहणे, घरकाम, बिले भरणे, आणि दुसरे भावनिक, म्हणजे आईचे रडगाणे ऐकून घेणे, वडिलांचा राग शांत करणे, दोघांमधील निरोप्या होणे. पहिले ओझे सगळ्यांना दिसते, त्यामुळे त्याचे कौतुकही होते. दुसरे कोणाच्या नजरेस पडत नाही. दोन बहिणींपैकी एकीवर पहिले आणि दुसरीवर दुसरे ओझे ठेवून पाहावे. दोघींनाही मनापासून वाटेल की घर आपणच सावरले, आणि दोघीही खऱ्या असतील.

बहिणी किती असाव्यात, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. दोघी असतील तर नाते एकच असते. तिघी झाल्या की तीन जोड्या होतात, चौघींच्या सहा आणि पाच जणींच्या दहा; यातली प्रत्येक जोडी हे एक स्वतंत्र नाते असते आणि प्रत्येकीला पानांत वाटा हवा असतो. 1813 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मध्ये पाच बहिणी आहेत, पण इंग्रजी लेखिका जेन ऑस्टेन यांनी कादंबरीचा भार मुख्यतः थोरल्या दोघींवर आणि एका वादळी धाकटीवर टाकला आणि मेरी व किटी यांना जाणूनबुजून मागे ठेवले. पहिल्या कादंबरीसाठी तीन ही संख्या मला सर्वांत सोयीची वाटते. तिघींमध्ये कोणत्याही क्षणी दोघी एका बाजूला आणि तिसरी बाहेर, अशी फळी आपोआप पडते, आणि ही फळी प्रकरणागणिक बदलत ठेवता येते.

आता घटनेकडे वळावे. घटना निवडताना एकच कसोटी लावावी: हिच्यामुळे कोणाची भूमिका अशक्य होते? निर्णय घेणाऱ्या बहिणीचीच नोकरी गेली, जिला कोणी कधी गंभीरपणे घेतले नाही तिच्याच हाती आईचे औषधपाणी आले, दूर राहून पैसे पाठवणारीला परत येऊन त्याच घरात राहावे लागले, तर भूमिकेला थेट धक्का बसतो. याउलट सोशिक बहिणीवर आणखी एक संकट कोसळले तर ती आणखी थोडी सोसते, एवढेच घडते. अशा संकटाने वाचकाचे डोळे पाणावतील, कादंबरी मात्र जागची हलणार नाही.

एका उदाहरणाने हे अधिक नीट दिसेल. समजा, आईला पक्षाघाताचा झटका येतो. ‘आई आजारी पडली’ एवढ्यावर थांबणारा लेखक मोठी संधी गमावतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि बहुसंख्य माणसांमध्ये भाषेची केंद्रेही त्याच बाजूला असल्याने वाचा जाऊ शकते. त्यातल्या एका प्रकारात रुग्णाला बोलता येते त्यापेक्षा समजते पुष्कळ. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत. एवढी माहिती हाती असली की घरातील सत्तेचे गणितच बदलते, कारण आता आईच्या मनात काय आहे हे ‘कळणारी’ जी कोणी असेल तीच आईच्या वतीने बोलू लागते. मग प्रसंग असा लिहिता येतो:

आईने डावा हात उचलून खिडकीकडे बोट दाखवले. “पडदा ओढायला सांगतेय,” थोरली म्हणाली आणि उठली. “ऊन लागतंय तिला.” मधलीने मान हलवली. “ऊन नाही गं, तिला बाहेर बसायचंय. सकाळपासून तेच चाललंय.” थोरलीने तोवर पडदा ओढलाही होता. खोलीत अंधार झाला. आईने बोट तसेच ठेवले. धाकटी दाराशी उभी होती, ती कालच आली होती. ती पुढे झाली आणि खिडकीच्या कठड्यावरचा चष्मा उचलून तिने आईच्या हातात दिला. आईने तो घेतला, पण घातला नाही. मुठीत धरून ठेवला.

येथे कोणाचाही स्वभाव शब्दांत सांगितलेला नाही. थोरली विचारण्याआधी कृती करते, मधलीकडे बरोबर ठरू शकणारे मत आहे पण अधिकार नाही, आणि जिचा हिशेबच कोणी धरला नव्हता ती कदाचित बरोबर ठरते. आईने चष्मा न घातल्यामुळे तेही नक्की होत नाही. ही अनिश्चितता जपावी. धाकटीला येथे निर्विवाद जिंकू दिले असते तर तिघींमधला ताण त्याच ओळीत संपला असता.

वैद्यकीय किंवा कायदेशीर घटना निवडली असेल तर तिचा क्रम आणि तपशील जाणकाराकडून तपासून घ्यावा. घरातल्या माणसांना आजाराचे नाव उशिरा कळते आणि दिनक्रमातला बदल आधी जाणवतो, त्यामुळे तपशील त्याच क्रमाने वाचकापुढे यावेत. योगायोगाबद्दल एक जुना संकेत अजूनही पाळण्यासारखा आहे: योगायोगाने संकट यावे, पण योगायोगाने ते टळू नये. आणि मोठी घटना एकच असावी. पुढचे सारे पेच त्या घटनेला दिलेल्या प्रतिसादातून निर्माण झाले पाहिजेत.

वारसा किंवा पैसा हा विषय असेल तर तो आकड्यांतच लिहावा, कारण भूमिकांमधील खोटेपणा आकड्यांत जितका उघडा पडतो तितका भावनांच्या वर्णनात पडत नाही. याचा नमुना ऑस्टेन यांच्याच 1811 च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ च्या दुसऱ्या प्रकरणात आहे. मृत्युशय्येवरील वडिलांना सावत्र बहिणींची काळजी घेण्याचे वचन दिलेला भाऊ तिघींना प्रत्येकी 1,000 पौंड द्यायचे ठरवतो. पत्नीशी बोलता बोलता तो 500 वर येतो, मग बहिणींच्या आईला वर्षाकाठी 100 पौंड द्यावेत असा विचार होतो, मग अधूनमधून 50 पौंडांची भेट पुरेशी वाटू लागते, आणि प्रकरण संपेपर्यंत सामान हलवायला मदत आणि हंगामात मासे व शिकार पाठवणे एवढ्यावर कर्तव्य उरकते. बायको एकदाही ‘देऊ नका’ असे म्हणत नाही. प्रत्येक पायरीला अत्यंत शहाणे, घराच्या हिताचे वाटणारे कारण आहे. बहिणींच्या आयुष्याला कलाटणी देणारा निर्णय त्यांच्या गैरहजेरीत, कोणतेही भांडण न होता घेतला जातो, हेही टिपून ठेवण्यासारखे आहे. आपल्या कादंबरीतही एखादा निर्णय असा, संबंधित बहीण खोलीत नसताना, नम्र भाषेत घडवून पाहावा.

निवेदन कोणाचे, हा पुढचा मोठा प्रश्न. एकाच बहिणीच्या नजरेतून लिहिले तर एकसंधपणा येतो, परंतु बाकीच्या तिच्या तक्रारींच्या आकाराच्या होण्याचा धोका राहतो. तो टाळायचा तर निवेदन करणाऱ्या बहिणीच्या लक्षात न येणाऱ्या, पण वाचकाच्या लक्षात येईल अशा गोष्टी तिच्याच तोंडून वदवाव्या लागतात. हे कौशल्याचे काम आहे, आणि नवख्या लेखकाने त्याला बिचकू नये. आळीपाळीने निवेदन करायचे असेल तर एकच प्रसंग तिघींकडून संपूर्ण सांगून घेऊ नये. पहिलीने तो सांगावा. दुसरीने त्यातला फक्त एक तपशील वेगळा सांगावा, तोही दुसरेच काही सांगत असताना, ओझरता.

आठवणींमधील हा फरक कसा असतो, याविषयी 2001 मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन लेखकांनी माहीत करून घेण्याजोगे आहे. त्यात जुळ्या भावंडांना बालपणाच्या आठवणी विचारल्या असता काही घटनांबाबत दोघांचाही दावा निघाला की ती आपल्यावरच गुदरली. असा वाद जुळ्या नसलेल्या भावंडांमध्येही आढळला. म्हणजे ‘असे घडले’ की ‘तसे घडले’ यापलीकडे जाऊन ‘ते माझ्या बाबतीत घडले’ यावर दोन बहिणी प्रामाणिकपणे भांडू शकतात. शाळेच्या कार्यक्रमात भर मंचावर ओळी विसरलेली मुलगी कोण होती? दोघींनाही स्वतःचा घसा कोरडा पडल्याचे आठवते. कादंबरीत याचा निकाल लावण्याचे बंधन लेखकावर नाही.

वयांचा तक्ता मात्र आधी करावाच, कारण अशा कादंबऱ्यांत सर्वाधिक चुका तिथे होतात. डाव्या बाजूला वर्षे, वरच्या ओळीत बहिणींची नावे, आणि प्रत्येक महत्त्वाच्या घटनेसमोर तेव्हाचे वय. आज थोरली 44 ची, मधली 41 ची आणि धाकटी 33 ची आहे असे धरले, आणि वडिलांचा धंदा 24 वर्षांपूर्वी बुडाला असेल, तर तेव्हा थोरली 20 ची, मधली 17 ची आणि धाकटी अवघी 9 वर्षांची होती. थोरलीने शिक्षण सोडले, मधलीने दाराआडून देणेकऱ्यांचे बोलणे ऐकले, आणि धाकटीला आठवते ते एवढेच की घर बदलले व नव्या घरात तिला स्वतःचा पलंग मिळाला. तिघींच्या मते त्या एकाच घरात वाढल्या. तक्ता पाहिल्यावर लेखकाच्या लक्षात येते की तसे नव्हते, आणि निम्मी भांडणे तिथूनच लिहून होतात.

संवादांविषयी थोडक्यात. बहिणी एकमेकींना माहीत असलेल्या गोष्टी सांगत नाहीत. ‘तुला आठवतं ना, बाबा गेले तेव्हा मी कॉलेज सोडलं’ असे वाक्य केवळ वाचकासाठी असते आणि ते कानाला लगेच खटकते. त्या अर्ध्यावर वाक्य सोडतात, एका शब्दात वीस वर्षांचे भांडण उकरतात, आणि सर्वांत जिव्हारी लागणारे वाक्य एखाद्या साध्या कामाच्या बोलण्यात मिसळून देतात.

“आम्ही ठरवलंय, आई माझ्याकडे राहील.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“तू फोन उचलला नाहीस गं.”

“एकदा केलास.”

“किती वेळा करायचा असतो?”

कादंबरीचा मधला भाग सर्वांत अवघड असतो. घटनेनंतर भूमिकांची सरळ अदलाबदल करण्याचा मोह होतो: बेजबाबदार जबाबदार होते, जबाबदार मोकळी होते. हे दहा पानांत घडले तर वाचक ते मानत नाही. भूमिका रिकामी झाली की ती बहुधा चुकीच्या माणसाकडून, चुकीच्या पद्धतीने आणि तात्पुरती म्हणून भरली जाते. नव्याने कारभार हाती आलेली धाकटी नकळत थोरलीच्याच तोऱ्यात हुकूम सोडू लागते. मोकळी झालेली थोरली दुसऱ्याच दिवशी औषधांच्या वेळा विचारायला फोन करते, आणि तिसऱ्या दिवशी त्या वेळा लिहिलेला कागद घेऊन दारात हजर होते. मधली, जिचे काम दोघींना सांधण्याचे होते, तिला आता सांधायला भांडणच उरत नाही किंवा ती एक नवे भांडण लावून देते. शिवाय घरातील बाकीची माणसे, विशेषतः आईवडील, जुनी वाटणी सहजासहजी सोडत नाहीत. अडचण आली की ते पुन्हा थोरलीलाच हाक मारतात. या माघारी कादंबरीत यायलाच हव्यात. पुढे सरकलेले पात्र एकदा तरी जुन्या जागी परत गेलेले दिसले, म्हणजे नंतरचा बदल खरा वाटतो.

रहस्य वापरायचे असेल, उदाहरणार्थ वडिलांची दुसरी मुलगी किंवा लपवलेले कर्ज, तर ते तिघींपैकी एकीला आधीपासून ठाऊक असावे. रहस्य कळण्यापेक्षा ‘हे तुला माहीत होते’ हे कळणे बहिणींच्या नात्यात अधिक खोल जाते.

शेवटाविषयी माझे मत थोडे कडक आहे. तिघी एकत्र येऊन एकमेकींच्या गळ्यात पडल्या, हा शेवट जवळपास नेहमीच लेखकाच्या थकव्यातून येतो. पूर्ण ताटातूट हाही तितकाच सोपा मार्ग आहे. एखादी भूमिका सुटावी, एखादी तशीच चिकटून राहावी, आणि एखाद्या बहिणीने तीच भूमिका या वेळी समजून-उमजून, आपल्या अटींवर स्वीकारावी. या तिन्हींचे प्रमाण प्रत्येक कादंबरीत वेगळे निघेल. शेवटच्या प्रसंगात तिघी एकत्र असल्याच पाहिजेत असे नाही. जिचा प्रश्न सर्वांत शेवटपर्यंत लोंबकळत राहिला तिच्याबरोबर थांबावे.

पहिला खर्डा झाल्यावर काही दिवस तो बाजूला ठेवावा आणि मग दुरुस्तीला बसताना प्रत्येक बहिणीला एक वेगळा रंग देऊन, तिच्या जागांवर त्या रंगाने खुणा करत संपूर्ण हस्तलिखित चाळावे. एखादा रंग ऐंशी पाने सलग गायब असेल तर तिथे लेखकाची नावडती बहीण सापडते, आणि तिच्याच बाजूने एखादे प्रकरण नव्याने लिहून पाहिले की बहुधा कादंबरीचा तोल सावरतो. त्यानंतर संवादांमधून बोलणारीचे नाव झाकून ते मोठ्याने वाचावेत. कोण बोलते आहे हे ओळखू येत नसेल तर शब्दांची निवड, वाक्याची लांबी, प्रश्न विचारण्याची सवय यांवर काम करावे. प्रत्येकीला एक लकबीचा शब्द चिकटवून देण्याची पळवाट घेऊ नये. हस्तलिखित वाचायला देताना निदान एक वाचक असा निवडावा जो स्वतः बहीण किंवा भाऊ आहे, आणि ‘आवडले का’ असे विचारण्याऐवजी त्याला विचारावे की या तिघींपैकी चूक कोणाची आहे. वेगवेगळ्या वाचकांकडून वेगवेगळी नावे आली तर छपाईचा विचार करायला हरकत नाही. सगळ्यांनी एकाच बहिणीकडे बोट दाखवले तर तिचे ते सुरुवातीचे पान पुन्हा काढून ‘तिला मिळते काय’ या प्रश्नाचे उत्तर नव्याने लिहावे.